मुठीएवढं अंतर

आमच्याकडे या दुखण्याला ‘पन्नाशीचा खांदा’ म्हणतात. न बोलावता येतो, वर्ष-दीड वर्ष मुक्काम ठोकतो आणि आला तसा आपल्या पायांनी जातो, असं जो तो सांगतो. सांगणाऱ्याचं काय जातंय? ज्याचा खांदा आखडलाय त्याला विचारा. कुशीवर वळता येत नाही, केस विंचरता येत नाहीत, बाही चढवताना डोळ्यांत पाणी उभं राहतं. सत्तावीस वर्षं मी असे खांदे सोडवत आलो. त्यावरच माझं पोट चाललं.

मी आंधळा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मधेच कुणाला हळहळ सुचायला नको. आमच्या देशात अंग रगडायचा परवाना कायद्याने आंधळ्यांनाच मिळतो. माझे डोळे गेले आणि धंदा मिळाला, एवढंच. जेजू बेटावरच्या आमच्या गावात, धक्क्यालगतच्या बर्फाच्या कारखान्यावर माझी खोली आहे. खिडकी उघडी असली की पाण्यात उतरलेल्या बायकांच्या शिट्ट्या ऐकू येतात.

आमच्या गावात बायका श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जातात आणि शिंपले, शेवाळ, समुद्रकाकड्या काढून आणतात. पुरुष काठावर बसून हवामानावर बोलतात. बाई वर आली की कोंडलेला श्वास ओठांतून सोडते, त्याची शिट्टी होते. दोघींची शिट्टी कधी सारखी नसते. माझ्या आईची शेवटाला जराशी फाटायची. पू आडनावाच्या मालसुनची लांब, एकसुरी, आणि शेवटी खट्कन तोडलेली. तिचं बोलणंही तसंच होतं.

मालसुन म्हणजे ‘ही शेवटची’. चार मुलींवर पाचवी झाली तेव्हा बापाने रागाने ठेवलेलं नाव. तिच्या पाठीवर आणखी दोन बहिणी झाल्या. ती आईच्या जोडीने समुद्रात उतरायची, म्हणून मी तिला आक्का म्हणायचो. माझे डोळे गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि दाराला कडी लावून चार महिने पडून होतो. आई नुसती रडायची. मालसुन आली, तिने कडी उखडली आणि मला मानगुटीला धरून शहराच्या बोटीत नेऊन बसवलं. “आंधळा झालास ते झालास, आता ऐतखाऊ होऊ नकोस,” एवढंच वाटेत बोलली. बाकी वेळ ती बोटीच्या कठड्यावरून ओकत होती. जन्मभर समुद्रात बुडणारी बाई, पण बोट तिला लागायची. आंधळ्यांच्या शाळेच्या दारात मला सोडून ती त्याच बोटीने परत गेली.

तर अशी ही मालसुन, चौसष्टाव्या वर्षी, सप्टेंबरच्या अखेरीला माझ्या खोलीवर आली.

“तेगिल, आहेस का रे?”

“नाही. माशांचं अंग रगडायला गेलोय.”

“मग त्यांना म्हणावं, म्हातारी येतेय, जागा करा.”

ती खाली बसली. बसताना तिने श्वास नाकात अडकवून धरला.

“उजवा खांदा,” मी म्हणालो.

“कोणी चुगली केली?”

“दाराने. इतकी वर्षं उजव्या हाताने आपटत आलीस. आज डाव्याने उघडलंस, तेही हळू.”

“मेल्या, तुला डोळे असते तर गावात कोणाला सुखाने जगू दिलं नसतंस.”

मी तिला उताणी झोपवली. खालची जमीन तापवलेली होती. आमच्याकडे घरं खालून तापवतात, त्या उबेवर पाव तास खांदा टेकला की माझं अर्धं काम होतं. मग मी तिचा हात हातात घेतला. आधी तिला वर करायला सांगितला. खांद्याच्या रेषेपर्यंतही येईना. मग तिला सोडून द्यायला सांगितलं आणि मी उचलला. त्याच जागी अडला. कोपर कुशीला टेकवून पंजा बाहेर वळवून पाहिला. तो तर वळेचना. खांदा नुसता दुखरा असेल तर माणसाला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर जातो. तिला नाही आणि मलाही नाही, म्हणजे आतली सांध्याची पिशवीच आवळलेली. ओल्या चामड्याची थैली उन्हात वाळावी तशी ती आवळते.

“कधीपासून?”

“वसंतापासून.”

“आणि आता येतेस?”

“पाण्यात दुखत नाही रे. पुडी खाल्ली की काहीच दुखत नाही.” या बायका पाण्यात उतरण्याआधी डोकेदुखीची पुडी खातात, कोणी एक, कोणी दोन. “पण आता रबरी पोशाख चढेना. माझ्या जोडीची जिनोक चढवून देते मला. पोराला अंगडं घालावं तसं. सगळ्या बघतात.”

खरं दुखणं तिथे होतं. पाणबुड्या बायकांचं एक दगडी आवार आहे धक्क्यावर, मधे शेकोटी. त्या शेकोटीभोवती कोण कुठे बसणार हे ठरलेलं असतं. जिकडे धूर जात नाही तिकडे खोल पाण्यातल्या बायका, मग मधल्या, मग बाकीच्या. बिनधुराच्या जागेवर मालसुन बावीस वर्षं बसत होती. म्हाताऱ्या झालेल्यांसाठी खाडीजवळचं उथळ पाणी राखून ठेवलंय, तिथे तरण्या बायका हात लावत नाहीत. रीत चांगली आहे, माणुसकीची आहे. मालसुन त्या पाण्याला ‘मरणाची ओसरी’ म्हणायची.

“चुनजा काय म्हणते?” मी विचारलं. को चुनजा ही त्या बायकांची प्रमुख, मालसुनपेक्षा चार वर्षांनी लहान.

“जोनबोक उघडेल त्या दिवशी जी स्वतःचा पोशाख स्वतः चढवेल ती खोल पाण्यात. जिला दुसरी लागेल ती ओसरीवर. सगळ्यांदेखत सांगितलंन. नाव माझं घेतलं नाही, नजर माझ्यावर ठेवली.” जोनबोक म्हणजे खडकाला चिकटून बसणारा मोठा शिंपला. अंडी घालण्याच्या तीन महिन्यांत तो काढायची बंदी असते, नव्या वर्षात बंदी उठते.

“शहरातल्या डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवलं. म्हणाला, वर्षभर पाण्यात जाऊ नका. मी म्हटलं, तू वर्षभर जेवू नकोस. तीन महिने आहेत, तेगिल. करशील का नाही ते बोल.”

वर्ष-दीड वर्षाचं दुखणं. तीन महिन्यांत कोणी बरं करून देतो म्हणाला तर तो लबाड समजावा. मी म्हणालो, “करतो.”

आठवड्यातून चार दिवस ती यायची. हे काम जोर लावायचं नाही, हे मी शिकाऊ पोरांना नेहमी सांगतो. बाजारातले हाड बसवणारे हात धरून हिसका देतात, आणि म्हाताऱ्या बाईचं हाड मोडतं. मी आधी तिला डाव्या कुशीवर घ्यायचो आणि पाठीच्या फऱ्याखाली, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाखाली, चार बोटं घालून फरा सुटा करायचो, कारण फरा अडला तर हात जाणार कुठे. मग तिला उताणी करून एका हाताने कोपर पेलायचं, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि बोट यांमधली बेचकी दंडाच्या हाडाच्या गोळ्यावर ठेवायची आणि गोळा पायांच्या दिशेला दाबायचा. किती? तांदळाच्या दाण्याएवढा. दाबायचा, सोडायचा, दाबायचा. हात अडेल त्या टोकाला नेऊन तिथेच मिनिटभर धरायचा. तेवढ्या वेळात पिशवी केसभर सैल होते. मग पुढचा केस.

“श्वास सोड, आक्का.”

“जन्मभर श्वास धरायला शिकले, आणि हा मला सोडायला शिकवतोय.”

“तू धरलास की खांदाही धरतो. सोड.”

तिने कधी ‘थांब’ म्हटलं नाही. ठरलेलं होतं, सोसेना झालं की तिने डाव्या हाताने जमिनीवर थाप मारायची. तीन महिन्यांत तिने दोनदा थाप मारली. एकदा खरोखर, आणि एकदा मांजर आत आलं होतं, ते हाकलायला. घरी तिला मी तळाशी जायला कमरेला बांधतात त्या पट्ट्यातलं एक शिसं हातात घेऊन, ओणवं होऊन हात लोंबता झुलवायला लावायचो. दुसऱ्या सकाळपर्यंत दुखत राहिलं तर मी चुकलो, रात्री झोपेपर्यंत थांबलं तर मी बरोबर, असा माझा नियम. ती खरं सांगत नसे. म्हणून मी तिच्या पायऱ्या चढण्यावरून ओळखायचो.

मोजायची माझी आपली पद्धत आहे. उताणं झोपवायचं, हात डोक्याकडे न्यायचा, आणि दंड नि कान यांच्यामध्ये किती जागा उरते ते माझ्या हाताने बघायचं. दंड कानाला लागला की खांदा बरा. ऑक्टोबरात मोजण्यासारखं काही नव्हतं. नोव्हेंबरात दोन विती. ती एवढी खूश झाली की दुसऱ्या दिवशी टोपलीभर संत्री घेऊन आली. मीही खूश झालो. आता सांगताना लाज वाटते, पण झालो. गावात बोलणं सुरू झालं होतं की तेगिलने मालसुनचा हात उघडला. मला ते आवडत होतं.

एक दिवस ती रागारागाने आली. घरी लोणच्याची बरणी काढताना उजव्या हाताला कळ येऊन बरणी फुटली होती.

“उजव्याला कशाला राबवतेस?” मी म्हणालो. “हात दोन दिलेत ना? डाव्याने कर.”

“घरी करेन. पाण्यात?”

“पाण्यातही डाव्याने. उजवा नुसता पोहायला ठेव.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. रोज कोणा ना कोणाला मी हेच सांगतो, शिक्षकाला, शिंप्याला, भाजीवालीला. दुखऱ्याला विसावा द्या, दुसऱ्याने काम करा. चांगलाच सल्ला आहे तो.

आणि मालसुनने तो घेतला. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही अशी बाई. तिने एकदा डाव्या हाताने करायचं ठरवलं की करायचं. चार आठवड्यांनी ती दोन वाटक्या आणि जेवायच्या काड्या घेऊन आली.

“बघ, तेगिल. तुला कुठलं दिसायला! ऐक.”

मी ऐकत बसलो. डाव्या हातातल्या काड्यांनी ती एका वाटीतली काळे उडीद, एकेक दाणा, दुसऱ्या वाटीत टाकत होती. टक्. टक्. टक्. एकही खाली पडला नाही. मी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मी क्वचित वाजवतो.

“आता हे बांधून दे,” ती म्हणाली आणि माझ्या हातात तिचं पातं दिलं.

ते पातं मला डोळे होते तेव्हापासून ओळखीचं. वीतभर चपटं लोखंड, बोथट टोक, मागे दोरीचा फास. जोनबोक खडकावर सैलसर बसलेला असतो तोवरच पातं खाली घालून उपटायचा. त्याला चाहूल लागली की तो खडकाला मिठी मारतो आणि पातंही आत धरून ठेवतो. पातं हातातून निसटू नये म्हणून फास मनगटात असतो, आणि पातं अडकलं की तोच फास बाईला तळाशी बांधून ठेवतो. आई मला सांगायची, पातं अडकलं की ओढत बसायचं नाही. दुसऱ्या हाताने फासाचं शेपूट, म्हणजे दोरीचं मोकळं टोक, खेचायचं, मनगट मोकळं करायचं, वर यायचं. पातं समुद्राचं, जीव आपला. हे आमच्या गावात पोरंसोरंही जाणतात. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

तिची बोटं गाठ नीट आवळत नव्हती, म्हणून मी तिच्या डाव्या मनगटाचं माप घेतलं आणि फास करून दिला. माझ्या गाठी चांगल्या असतात. आणि आम्ही बेफिकीर होतो असंही नाही. मीच म्हणालो, “ओढून बघ.” ती माझ्यासमोर मांडी घालून बसली होती, डावा हात छातीपाशी. उजव्या हाताने तिने शेपूट खेचलं. फास सर्रकन सुटला.

“पुन्हा,” मी म्हणालो. पुन्हा सुटला.

“झालं समाधान? का लग्नाची गाठ आहे, सात वेळा बघायची?”

“तू विधवा आहेस, आक्का. तुला बोलायला हरकत नाही.”

ती खो खो हसली.

डिसेंबरभर मी पोशाखाच्या मागे लागलो. तिला खोल पाण्यात जायचं असेल तर चुनजासमोर पोशाख चढवायला हवा, आणि रबरी पोशाखात दोन जागा अवघड. बाही खेचताना हात पाठीमागे न्यायचा, आणि गळा डोक्यावरून ओढताना कोपरं कानाच्या उंचीला आणायची. मग मी तेवढंच केलं. हात पाठीमागे, अंगठा मणक्यावरून एकेक मणका वर. कोपर कानापर्यंत. तिचा जुना पोशाख आणून माझ्या खोलीत आम्ही तालीम केली. पहिल्या दिवशी ती आतच अडकली आणि रबरातून शिव्या देत बसली. शेवटच्या आठवड्यात तिने तो एकटीने चढवला, मी भिंतीला टेकून ऐकत होतो. रबर अंगाला चिकटल्याचा चट् असा आवाज आला आणि मला रडू आलं. तिला सांगितलं, कांदा खाल्लाय.

बंदी उठायच्या आदल्या दिवशी मी तिला शेवटचं मोजलं. उताणी झोपवली, गोळा दाबून धरला, हात डोक्याकडे नेला. अडला. दंड आणि कान यांच्या मधे माझी मूठ घातली. मूठ बरोबर बसली, ना सैल, ना घट्ट.

“किती?” ती म्हणाली.

“मूठभर.”

“म्हणजे?”

“म्हणजे हत्ती गेला, शेपूट राहिलंय.”

“जाऊ का मग उद्या?”

मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. आणखी दोन महिने दिले असते तर ती मूठही गेली असती. पण मग ती ओसरीवर गेली असती, आणि एकदा ओसरीवर गेलेली बाई शेकोटीच्या बिनधुराच्या बाजूला परत येत नाही. ज्या बाईने मला मानगुटीला धरून बोटीत घातलं तिला मी ओसरीवर बसवायचं? आणि दुसरंही होतं, तेही सांगतो. गाव बघत होतं. ती गेली नसती तर माझंही नाक कापलं गेलं असतं.

“जा,” मी म्हणालो. “उजव्याला ताण देऊ नकोस. सगळं डाव्याने.”

“बरं, मास्तर,” ती म्हणाली आणि जाताना दार उजव्या हाताने आपटून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता जिनोक धावत माझ्या जिन्यापाशी आली. ही समुद्रापलीकडून लग्न होऊन आलेली, तीस-बत्तीस वर्षांची, मालसुनच्या जोडीने उतरणारी. एकटी बाई कधी उतरत नाही, जोडी असतेच.

“तेगिलकाका! चढवला! कोणाचा हात लागू दिला नाही! चुनजामावशींनी तोंड फिरवलं, पण मी पाहिलं, त्या हसत होत्या.”

“पुड्या किती खाल्ल्यान?”

“दोन.” मग जरा थांबून, “तीन.”

मी खिडकी उघडून बसलो. थंडी मरणाची होती, पण मला ऐकायचं होतं. बावीस बायका उतरल्या होत्या. थोड्या वेळात शिट्ट्या सुरू झाल्या. जिनोकची तुटक, चुनजाची जाड. आणि मग ती लांब, एकसुरी, खट्कन तोडलेली. नऊ महिन्यांत एवढी स्वच्छ ऐकली नव्हती. मी मोजत होतो असं नाही, पण ऐकत होतो. आली, गेली, आली. अकरा वेळा. मग एक गिऱ्हाईक आलं, कंबर धरलेला बोटीवरचा माणूस. मी त्याला पालथा घातला आणि कामाला लागलो. बोटं कमरेवर, कान खिडकीत. जिनोक. चुनजा. जिनोक. कोणी तरी. जिनोक.

माझे हात थांबले.

“काय झालं?” तो माणूस म्हणाला.

“गप्प बस.”

जिनोकची शिट्टी पुन्हा आली, पण ती शिट्टी नव्हती. ती हाक होती.

मालसुनला वर काढलं तेव्हा काय काय केलं ते मी ऐकलं. छाती दाबली, पालथी केली, नावाने ओरडल्या. आरोग्य केंद्रातला डॉक्टर तासाभरात आला, पोलीस आला, दोघांनी आपलं काम केलं आणि गेले. मी धक्क्यावर काठी धरून उभा होतो. कोणीतरी मला बाजूला हो म्हणत होतं. मग चुनजाचा आवाज आला.

“तेगिलला आत आणा.”

शेकोटीच्या आवारात पुरुषाने जायचं नसतं. आईने मला लहानपणी आत घेतलं असेल, त्यानंतर कधी नाही. धूर डाव्या बाजूला जात होता. तिला उजव्या बाजूला ठेवलं होतं, तिच्या जागेवर.

“पोशाख काढायचाय,” चुनजा म्हणाली. “कात्री लावायची नाही मला. आज सकाळीच तिने तो आपल्या हाताने चढवलाय. पण उजवा हात वर होईना. आम्हाला जमत नाही. तुला जमेल.”

मी तिच्याशेजारी गुडघे टेकले. आधी डावा हात लागला. मनगटात माझा फास तसाच होता, घट्ट, आणि त्याला कापलेल्या दोरीचं टोक.

“मी कापली,” जिनोक म्हणाली. तिचे दात वाजत होते. “काका, त्या कपारीत शिरल्या होत्या, वर छत होतं, खांद्यापर्यंत डावा हात आत घातलेला. पातं जोनबोकने धरून ठेवलं होतं. मला वाटलं सोडवतील. त्या नेहमी सोडवतात. मी वर जाऊन आले, परत गेले, तर…”

“उजवा हात कुठे होता?”

“मी लगेच परत गेले, काका,” ती म्हणाली.

“जिनोक. उजवा हात कुठे होता?”

तिने माझं बोट धरलं आणि मालसुनच्या डाव्या बाहीवर टेकवलं. “इथे. इथे बाही पकडून ठेवली होती. बोटं उलगडावी लागली.”

मी तिथे अंगठा ठेवला आणि करंगळी फासाकडे ताणली. पोचली. एक वीत.

छातीपाशी फास सुटत होता. दोनदा सुटला होता. पण डोकं खाली करून, हात डोक्यापलीकडे ताणून बाई कपारीत शिरते, तेव्हा दुसऱ्या हातालाही तितकंच वर जावं लागतं, दंड कानाला लागेपर्यंत. आणि कानाशी मुठीची फट असेल तर बोटांच्या टोकाशी तीच फट वीतभराची होते. हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? उजव्या हाताने पातं धरलं असतं तर डावा, बरा हात फासापर्यंत सहज गेला असता. पंचेचाळीस वर्षं ती उजव्यानेच धरत आली होती.

“डाव्याने कर असं मी सांगितलं,” मी म्हणालो. “ही गाठही माझी आहे.”

लाकडं तडतडत होती.

“आम्ही सगळ्यांनी बघितली गाठ,” चुनजा शेवटी म्हणाली. “बावीस जणी शेकत बसलो होतो इथे. डाव्या हाताला फास, उजवा असा आखडलेला. आम्हाला तर डोळे आहेत. मी काय बघत होते? पोशाख चढवते का नाही ते.” तिने माझा हात मालसुनच्या कोपराखाली सरकवला. “हात वर घे, तेगिल. ताठायच्या आत घे.”

मी तिचं कोपर पेललं. दुसऱ्या हाताची बेचकी दंडाच्या गोळ्यावर ठेवली, नेहमीच्या जागी, आणि गोळा पायांच्या दिशेला दाबला. दाबला, सोडला, दाबला. आता दुखणार नव्हतं, कोणी थाप मारणार नव्हतं, मला हवा तेवढा जोर लावता आला असता. हात हळूहळू डोक्याकडे गेला आणि अडला. मी मधे मूठ घातली. बरोबर बसली.

तिथेच मी तो हात मिनिटभर धरून ठेवला. सत्तावीस वर्षांची सवय.

“श्वास सोड, आक्का,” मी म्हणालो.

मग चुनजा पुढे झाली, तिने बाहीचं टोक धरलं आणि म्हणाली, “असाच धरून ठेव. मी ओढते.”